नाकारता येत नाही

कचेरी कुठलीही असो, तिथं काही वाक्यं लिहिणाऱ्याला वाचवण्यासाठीच जन्माला आलेली असतात. 'आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे.' 'वरिष्ठांच्या निदर्शनास आणून दिले आहे.' तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच ती कधी ना कधी लिहिलेली आहेत आणि लिहून झाल्यावर निवांत चहा घेतलेला आहे. विद्यापीठाच्या पदार्थ अभियांत्रिकी विभागातल्या प्राध्यापिकाबाईंचंही असं एक ठेवणीतलं वाक्य होतं. एखाद्या कारखान्याकडून धातूचा तुटका भाग तपासणीला आला आणि तुटण्याचं कारण हाती लागलं नाही, की अहवालाच्या शेवटी त्या लिहायच्या, 'अमुक त्रुटीची शक्यता नाकारता येत नाही.' वाक्यात खोटं काही नव्हतं. खरं म्हणावं असंही काही नव्हतं. सही करून, शिक्का मारून त्या मोकळ्या व्हायच्या.

बाईंना विद्यार्थी पाठीमागे 'मायक्रॉनबाई' म्हणत. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, आणि बाईंचा सगळा जीव त्या मापात गुंतलेला. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तोंडावर कुणी कधी म्हटलं नाही. तोंडावर थट्टा करावी इतकं जवळ कुणी नव्हतंच. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती, कारण विभागाच्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाला हादरे चालत नाहीत. तिथं रस्त्याचा आवाज येत नसे, पावलांचा येत नसे. दुपारचा डबा त्या यंत्रासमोर बसूनच उघडायचा. घरी तरी कोण होतं? आई जाऊन सात वर्षं झाली होती. धाकटा भाऊ दूरच्या शहरातून महिन्यातून एकदा फोन करून 'तब्येत बरी ना गं?' विचारायचा आणि बाई 'हो' म्हणायच्या. काही दिवस तर असे जात, की बारा वाजेपर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नसायचा, आणि पहिला शब्द काढताना घसा खाकरावा लागायचा. आपल्याला एकटं राहायची सवय झाली आहे, असं त्या स्वतःला समजावत. पण सवय झालेली नव्हती.

वरच्या मजल्यावर जिन्यापाशी एक मोठा फोटो टांगलेला होता. तीन वर्षांपूर्वी विभागानं शहराबाहेरच्या एका कारखान्याशी सहकार्याचा करार केला, त्या समारंभाचा. विभागप्रमुख आणि कारखान्याचे मॅनेजर हातात हात देऊन कॅमेऱ्याकडं बघून हसताहेत. एकमेकांकडं कुणीच बघत नाही. करार चौदा पानांचा होता आणि त्यात 'ज्ञानाची देवाणघेवाण' हे शब्द अकरा वेळा आले होते. पुढं देवाणघेवाण काय झाली म्हणाल, तर कारखान्याकडून कुरिअरनं सहा पाकिटं आली आणि विभागाकडून सहा अहवाल गेले. दोन्हींच्या मध्ये जेमतेम तीन किलोमीटरचा रस्ता. पण इकडचं माणूस तिकडं गेलं नाही की तिकडचं इकडं आलं नाही.

सातव्या पाकिटाऐवजी एका बुधवारी सकाळी एक माणूसच आला. साठीकडं झुकलेला, अंगात धुवट पण कडक इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. प्रयोगशाळेच्या दारात तो बूट काढावेत की नाही या विचारात उभा राहिला.

"या ना आत. बूट असू द्या," बाई म्हणाल्या, आणि आवाज फुटेना म्हणून खाकरल्या.

"मी कारखान्यात भट्टी सांभाळतो. सगळे मास्तर म्हणतात." त्यानं खिशातून चार पानं काढून टेबलावर ठेवली. शेवटच्या पानावरच्या एका ओळीखाली कुणीतरी लाल शाईनं दोनदा रेघ ओढली होती. "बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

बाईंनी वाचलं. 'उष्णता-प्रक्रियेतील त्रुटीची शक्यता नाकारता येत नाही.' खाली त्यांचीच सही.

"हो, मीच. का बरं?"

"शुक्रवारी मला काढणार आहेत," मास्तर म्हणाले. "ही ओळ वाचून."

बाई खुर्चीत सरळ बसल्या. प्रकरण त्यांना आठवत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला झोळीत बसवून खाटेवरून खुर्चीवर ठेवणारं एक यंत्र दवाखान्यांत असतं. ती झोळी ज्या बोल्टवर लटकते तो बोल्ट हा कारखाना बनवायचा. गेल्या तीन महिन्यांत तीन बोल्ट तुटले होते. दोन तर यंत्र कोपऱ्यात रिकामं उभं असताना आपोआप तुटले. तिसरा तुटला तेव्हा झोळीत एक आजोबा होते. खाटेपासून वीतभरच वर होते म्हणून निभावलं. मॅनेजरसाहेबांना कारण हवं होतं आणि विद्यापीठाचा शिक्का असलेलं कारण त्यांना या ओळीत सापडलं होतं. बोल्ट भट्टीत कडक करतात. भट्टी मास्तरांची. म्हणजे दोष मास्तरांचा!

"पण मी तसं म्हटलेलंच नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय म्हटलंत?"

"म्हणजे… भट्टीचा दोष असेलही, नसेलही. नमुन्यावरून सांगता येत नव्हतं."

"म्हणजे काहीच म्हटलं नाहीत."

"तसंच म्हणा."

"काहीच नाही हे सांगायला चार पानं लागली, बाई?"

मास्तर रागावून बोलत नव्हते, तेच बाईंना जास्त लागलं. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या थोड्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "अहो, तुम्ही पाठवलेला बोल्ट आरशासारखा चकचकीत होता! तुटलेल्या तोंडावरच तर सगळं लिहिलेलं असतं. ते कुणी घासलं?"

"मी घासलं." मास्तरांच्या स्वरात किंचित अभिमानच होता. "तारेच्या ब्रशनं घासला, आम्लात बुडवला, तेल लावलं. विद्यापीठात जाणारी वस्तू. गंजकी, काळी, तशीच कशी पाठवायची? सहाही वेळा मीच साफ करून पाठवलंय."

बाईंना आपले अहवाल आठवले. सहाही वेळा! सहाही अहवालांत तिसऱ्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पृष्ठभाग घासलेला आढळला.' तिकडं ते कुणी वाचलं नाही, आणि इकडून फोन उचलून 'अहो, घासू नका' एवढे तीन शब्द सांगणं त्यांना सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

"आणखी एक तुटलाय, परवाच. चौथा," मास्तर ओशाळून म्हणाले आणि त्यांनी दवाखान्याचं एक पाकीट बाहेर काढलं. "मला वाटलं, तुम्हाला दाखवावा. पण हा साफ करायला सवडच झाली नाही. तसाच घाणेरडा आहे, माफ करा हं. इथं नळ कुठं आहे? दोन मिनिटांत…"

"हात लावू नका!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की त्या खोलीत तसा आवाज पूर्वी कधी झाला नसेल. मास्तरांचा हात जागच्या जागी थांबला. बाईंनी चिमट्यानं तो तुकडा अलगद उचलला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी हसू आलं. "मास्तर, असाच हवा होता. अगदी असाच."

तास-दीड तासानं पडद्यावर चित्र आलं. बाईंनी मास्तरांना शेजारी खुर्ची दिली. त्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हतीच. वरच्या वर्गातून आणावी लागली.

"हे दाणे दिसतात का? साखर सांडल्यासारखे, सुटे सुटे?"

"दिसतात."

"चांगलं पोलाद ताणून तुटलं तर असं दिसत नाही. इथं दाण्यांमधला सांधाच सुटलाय. हे काम हायड्रोजनचं. बोल्टवर जस्ताचा मुलामा चढवण्याआधी तो आम्लात धुतात ना? त्या वेळी, आणि मुलामा चढताना, हायड्रोजन वायू पोलादात शिरतो. इतक्या कडक पोलादाला तो सोसत नाही. आत दबा धरून बसतो आणि चार दिवसांनी, महिन्यानं, कुणी हात लावला नसतानाही बोल्ट तुटतो."

"म्हणून रिकामं यंत्र उभं असताना तुटले!" मास्तर पुढं झुकले. "पण आम्ही मुलाम्यानंतर ओव्हनमध्ये भाजतो ते बोल्ट. दोनशे डिग्री, रात्रंदिवस चोवीस तास. एक तास कमी नाही करत."

"मुलामा झाल्यावर किती वेळानं टाकता ओव्हनमध्ये?"

"तसं काही ठरलेलं नाही. एरवी तासा-दोन तासांत जातात."

"चार तासांच्या आत टाकायला हवेत, तरच भाजून तो वायू बाहेर निघतो. उशीर झाला तर आत व्हायचं ते नुकसान होऊन जातं. मग कितीही भाजा."

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. कुठला माल मुलाम्याहून कधी आला आणि ओव्हनमध्ये कधी गेला, याची नोंद ते सव्वीस वर्षं स्वतःच्या समाधानासाठी ठेवत होते. कुणी मागितली नव्हती. तुटलेल्या चारही बोल्टांच्या डोक्यावर कोरलेले क्रमांक त्यांना पाठ होते. ते एकेक पान उलटत गेले.

"शनिवार," ते म्हणाले. मग आणखी एक पान. "शनिवार." मग, "हाही शनिवारचाच." चौथं पान त्यांनी वाचून दाखवलं नाही.

"शनिवारी काय होतं?"

"शनिवारी दुपारी मुलाम्याचा माल येतो, आणि संध्याकाळी मी ओव्हन बंद करतो. रविवारी सुट्टी. उगाच कशाला जाळायचा, म्हणून. सोमवारी सकाळी माल आत जातो." त्यांनी वही मिटली. "म्हणजे तुमची ओळ बरोबर होती, बाई. दोष माझ्याच खात्याचा."

बाईंनी चिमट्यानं तो तुकडा पुन्हा पाकिटात ठेवला.

"एक सांगू?" मास्तर उठता उठता म्हणाले. "नोकरीचं वाईट वाटतं, पण त्याहून दुसऱ्या एका गोष्टीचं वाटतं. हे शनिवारचं मला आधीच खटकलं होतं. तुटतात ते शनिवारचेच, हे मी मनात धरून होतो. पण का, ते कळायला डोकं पुरत नव्हतं. विचारायचं कुणाला? तुमच्या फॉर्मवर तेरा रकाने आहेत. लांबी, जाडी, वजन, सगळं. 'तुम्हाला काय वाटतं', असा एकही नाही. आणि तुमच्याकडं हे चार तास होते. शिकवत असाल ना पोरांना?"

"दर वर्षी," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "एकोणीस वर्षं."

"बघा. तुम्ही इथं चार तास घेऊन एकट्या, मी तिथं शनिवार घेऊन एकटा. आम्ही तुम्हाला मोठं मानतो, म्हणून लांब राहतो. तुम्ही आम्हाला काय मानता ते ठाऊक नाही, कारण तुम्ही कधी आलाच नाहीत. आणि मधल्या मध्ये ते आजोबा लटकत होते." त्यांनी दारातूनच नमस्कार केला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते खूश झाले. "म्हणजे आपला अहवाल खराच ठरला की! उष्णता-प्रक्रियेतलीच त्रुटी निघाली. तुम्ही नुसतं गप्प बसा बाई, विभागाचं नाव राहील. आपण काही चुकीचं लिहिलेलं नाही."

ते खोटं नव्हतं. गप्प बसणं तर बाईंच्या हातचा मळ. पण त्या दुपारी डबा उघडला तेव्हा शेजारी ती वर्गातून आणलेली खुर्ची तशीच होती, आणि जेवता जेवता त्यांची नजर तिच्याकडंच जात होती. उद्या एक माणूस सव्वीस वर्षांचं नाव घालवून घरी जाणार. त्याला सोडवू शकेल असं माणूस या शहरात एकच होतं, आणि ते नेहमीसारखं तळघरात बसून जेवत होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. आणि फार, फार एकटं वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्या आयुष्यात पहिल्यांदा त्या कारखान्याच्या फाटकातून आत गेल्या. मॅनेजरांच्या खोलीत मास्तर एका कडेला उभे होते. बाईंना बघून मॅनेजर लगबगीनं उठले. "तुम्ही कशाला तसदी घेतलीत? अहवालात सगळं स्पष्ट आहे."

"स्पष्ट काहीच नाही साहेब. ती ओळ मी परत घ्यायला आले आहे."

"त्याआधी मला बोलू द्या," मास्तर मध्येच म्हणाले. "साहेब, शनिवारी ओव्हन मी बंद करत होतो. त्यानंच बोल्ट तुटले. बाईंनी शोधून काढलंय. चूक माझी आहे."

मॅनेजरांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे अहवाल बरोबरच होता!"

"नाही! नव्हता!" बाई पुढं होऊन म्हणाल्या. "मला काहीही कळलेलं नसताना मी ते वाक्य लिहिलं, स्वतःची मान सोडवून घ्यायला. ते खरं निघालं हा योगायोग. तुम्ही यांना काढलं असतं आणि नवा माणूस आणला असता. त्यानंही शनिवारी ओव्हन बंदच केला असता! पुढचा बोल्टही तुटला असता! साहेब, तुमच्या बोल्टच्या ड्रॉइंगवर काय लिहिलंय? दोनशे डिग्री, चोवीस तास. मास्तरांनी त्यातलं एक मिनिट कमी केलेलं नाही. मुलाम्यानंतर चार तासांच्या आत, हे त्यावर लिहिलंय का?"

मॅनेजरांनी कपाटातून ड्रॉइंग काढलं. वरपासून खालपर्यंत त्यावर बोट फिरवलं. "नाही लिहिलेलं."

"ते माझ्या वहीत होतं. तीन किलोमीटरवर. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. करार मात्र झाला, फोटोही निघाला. यांची चूक धरायची असेल तर माझी आधी धरा. यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

मॅनेजर खाली बसले. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणाचं तरी नाव हवं असतं. मग ते म्हणाले, "शनिवारचे असे किती बोल्ट बाहेर गेलेत, मास्तर?"

"तीनशे बारा. एकवीस दवाखान्यांत. यादी आहे माझ्याकडं."

"मग उभे काय राहिलात? काढून आणायचे ना ते? तुमच्याशिवाय ओळखणार कोण?"

मास्तरांनी मान खाली घातली आणि बाहीनं डोळे पुसले. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

पुढचे बारा दिवस मास्तर कारखान्याच्या गाडीतून दवाखाने पालथे घालत होते. वर्गावरचे तास संपले की बाई त्यांच्याबरोबर जायच्या. बाराव्या दिवशी दुपारी शेवटच्या दवाखान्यातल्या शेवटच्या यंत्राचा बोल्ट बदलून झाला. वॉर्डातल्या सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मागे एका दवाखान्यात पडला म्हणे कुणीतरी. मी माझ्या पेशंटला यात बसवणार नाही. आधी तुमच्यापैकी कुणी बसून दाखवा."

मास्तर पुढं झाले. "थांबा," बाई म्हणाल्या, "मी बसते."

त्या झोळीत बसल्या. सिस्टरनी कळ दाबली. पाय जमिनीवरून सुटले आणि बाई वर जाऊ लागल्या. वजन सारं त्या एका बोल्टवर. आकडे, ताण, कठीणपणा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले. सिस्टरनी सवयीनं, कुठल्याही पेशंटचा धरावा तसा, त्यांचा हात धरला.

"घाबरू नका हं. आम्ही आहोत इथं."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आई गेल्यापासून त्यांचा हात असा कुणी धरला नव्हता. "दुखलं का?" सिस्टरनी विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. मास्तर दुसऱ्या बाजूला झोळीच्या पट्ट्याला हात लावून उभे होते.

वाचकहो, ज्याला काही येतं त्यानं तळघरात बसावं आणि ज्याला काही अडतं त्यानं वस्तू चकचकीत करून पाकिटात घालावी, याला आपण आदर म्हणतो, शिस्त म्हणतो, कधी करारही म्हणतो. ते सहकार्य नव्हे. आपलं मोडलेलं, काळवंडलेलं जसंच्या तसं दाखवायची हिंमत एकानं करावी, आणि दुसऱ्यानं आपली खुर्ची सोडून ते बघायला जावं, तेव्हा कुठं सहकार्य सुरू होतं. विद्या शिकवणाऱ्यांनी आणि विद्या वापरणाऱ्यांनी एकमेकांच्या दारात जायला लाजू नये. कारण दोघांच्या मध्ये नेहमी कुणीतरी लटकत असतं, आणि त्याला तुमचे शिक्के दिसत नाहीत. हात धरणारं कुणी जवळ आहे की नाही, एवढंच त्याला कळतं.